एबीएसचा दिवा, नवा सेन्सर, पुन्हा तोच दिवा: नेमकं काय तपासायचं?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, रोज धायरी ते हिंजवडी. पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं होतं, त्यातून गाडी काढावी लागली. तेव्हा काही झालं नाही, पण थोड्या दिवसांनी डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. सुरुवातीला गाडी बंद करून चालू केली की जायचा. मग स्पीडब्रेकरवर आदळलं की किंवा सोसायटीच्या रॅम्पवर पूर्ण स्टिअरिंग मारलं की लागायला लागला.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटतोय असा कोड आला. कंपनीचाच सेन्सर आणून बदलला. काही दिवस बरं चाललं आणि आता दिवा परत आलाय, कोडही तोच आहे. आता ते म्हणतात एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे ही यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेलं असणार. त्याची किंमत ऐकून बसलो आहे. मॉड्यूल बदलण्याआधी आणखी काय बघता येईल? रोज नवले पुलाचा उतार उतरावा लागतो, त्यामुळे हे असंच सोडून द्यायचं मनात नाही.

पौड_रोड

साधे ब्रेक लागतात ना? मग एवढं काय. माझ्या ओळखीतल्या एकाने फ्यूज काढून ठेवलाय, वर्षभर मजेत चालवतोय. एबीएस नसलेल्या गाड्या आपण इतकी वर्षं चालवल्याच की.

वेताळ_टेकडी

पौड_रोड, कृपया हा सल्ला कुणाला देऊ नका. एबीएस बंद असताना साधे ब्रेक लागतात, हे खरं. पण मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे आताच्या गाड्यांत तेच मॉड्यूल ठरवतं, त्याला ईबीडी म्हणतात. एका सेन्सरचा दोष असेल तर बऱ्याच गाड्या एबीएस बंद करून ईबीडी चालू ठेवतात. फ्यूज काढला की दोन्ही गेले. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात आणि गाडी गर्रकन फिरते. जुन्या गाड्यांत यासाठी वेगळा यांत्रिक व्हॉल्व्ह असायचा, तो आता नाही. म्हणजे फ्यूज काढलेली आजची गाडी ही एबीएस नसलेल्या जुन्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत असते. तुमच्या ओळखीच्यांना आज फोन करून फ्यूज परत बसवायला सांगा.

पिवळ्या एबीएस दिव्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर आधी हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी बघायची. ते ठीक असूनही दोन्ही दिवे जळत असतील तर गाडी जपून, सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंतच न्यायची.

आता धायरी_फाटा यांच्याकडे येतो. मी भोसरीत बरीच वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, त्यावरून सांगतो. कोडमध्ये "सेन्सर" असं नाव येतं म्हणून लोक सेन्सर बदलतात. पण मॉड्यूलला सेन्सर दिसत नसतो, त्याला फक्त दोन तारांवरून येणारा सिग्नल दिसतो. त्या सिग्नलच्या वाटेत चाकावरची रिंग आहे, रिंग आणि सेन्सरमधली फट आहे, सेन्सर आहे, त्याची तार आहे, प्लग आहे, पुढे बॉडीतली तार आहे आणि शेवटी मॉड्यूल. यातलं काहीही बिघडलं तरी कोड जवळपास तोच येतो. तुमच्याकडे एक वस्तू बदलून झाली आणि लगेच शेवटच्या वस्तूवर उडी मारली. मधलं कुणी तपासलंच नाही.

दोन प्रश्न. दिवा लागतो तेव्हा स्पीडोमीटर नीट चालतो का? आणि गेल्या काही महिन्यांत त्या चाकाचं बेअरिंग, शॉकअब, ब्रेकपॅड असं काही काम झालंय का?

धायरी_फाटा

स्पीडोमीटर ठीक चालतो. चाकाचं काहीच काम झालेलं नाही, सेन्सर बदलला तेवढंच. पावसात दिवा जास्त लागतो, उन्हात दोन-दोन दिवस लागत नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

वेताळ_टेकडी

स्टिअरिंग वळवल्यावर, आदळल्यावर आणि ओलाव्यात, असं तिन्ही असेल तर माझा पहिला संशय तार आणि प्लगवर. मॉड्यूलवर सगळ्यात शेवटी.

आधी थोडं सेन्सरबद्दल, कारण तपासायची पद्धत त्यावर ठरते. दोन जाती आहेत. जुन्या गाड्यांत पॅसिव्ह सेन्सर असतो: आत एक लोहचुंबक आणि भोवती तांब्याच्या तारेची कॉइल, समोर दात असलेली लोखंडी रिंग फिरते. दात समोरून गेला की कॉइलमध्ये वीज तयार होते. चाक जितकं जोरात, तितका व्होल्टेज जास्त. त्यामुळे अगदी कमी वेगात त्याचा सिग्नल इतका क्षीण असतो की मॉड्यूलला वाचता येत नाही.

नव्या गाड्यांत, तुमच्याही गाडीत बहुतेक, ॲक्टिव्ह सेन्सर असतो. त्याला मॉड्यूलकडून वीजपुरवठा लागतो आणि तो व्होल्टेजमध्ये बोलत नाही, करंटमध्ये बोलतो: साधारण ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर, या दोन पातळ्यांमध्ये उड्या मारतो. त्याच दोन तारांवरून वीज जाते आणि त्याच तारांवरून सिग्नल परत येतो. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत तो वेग अचूक सांगतो. समोर बहुतेकदा दातांची रिंग नसते, तर बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो, ज्यावर उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून पालटून असतात. डोळ्यांना ती नुसती काळी रबरी कड दिसते.

आकड्यात बघायचं तर, समजा रिंगवर ४८ दात आहेत आणि टायरचा घेर १.९ मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे अडीचशे ठोके मॉड्यूलकडे जातात, प्रत्येक चाकाचे. त्यातले काही गायब झाले तर मॉड्यूलला वाटतं चाक अचानक लॉक झालं. म्हणून एक क्षणभर सुटणारा प्लगसुद्धा लपत नाही.

सहकारनगर

काका, ॲक्टिव्ह सेन्सर मल्टिमीटरने ओहममध्ये तपासला तर चालतो का? आमच्या इथल्या वायरिंगवाल्याने तसाच तपासून "गेलाय" म्हणून सांगितलं होतं.

वेताळ_टेकडी

नाही चालत. ओहममध्ये फक्त पॅसिव्ह सेन्सर तपासता येतो. तिथे साधारण हजार-दोन हजार ओहमच्या आसपास काहीतरी दिसतं, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघायचं. शिवाय कुठलीही एक तार आणि बॉडी यांच्यात काहीच जोड दिसायला नको. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने गरगर फिरवायचं, काटा हलायला हवा.

ॲक्टिव्ह सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आहे. तिथे ओहमचा आकडा काहीही सांगत नाही, आणि मीटरच्या उलट्या टोकांनी त्याला इजाही होऊ शकते. बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देऊन "बघू चालतो का" हेही कधी करायचं नाही. अशा तपासणीत चांगले सेन्सर मरतात, हे मी पाहिलेलं आहे.

भोसरी_गॅरेज

वेताळ_टेकडी यांच्याशी पूर्ण सहमत. मी त्यात लाइव्ह डेटाचं घालतो, कारण कामाला सुरुवात तिथूनच व्हायला हवी आणि पुष्कळ गॅरेजमध्ये तेवढं एक सोडून सगळं करतात.

कोड पुसायचा. एबीएसचं मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लावून चारही चाकांचा वेग एकाच पडद्यावर घ्यायचा. गाडी दुसऱ्याने चालवायची, पडदा बघणारा माणूस वेगळा. सरळ, रिकाम्या रस्त्यावर २० ते ३० च्या वेगाने चालवत चारही आकडे सारखे आहेत का बघायचं. मग हळूहळू वेग कमी करत थांबायचं, कुठलं चाक इतरांच्या आधी शून्यावर जातंय ते बघायचं. मग डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग मारून गोल फिरायचं. वळताना आतल्या आणि बाहेरच्या चाकाचे आकडे वेगळे येणारच, त्याने घाबरू नये. शेवटी एखाद्या खडबडीत रस्त्यावरून न्यायची, असे रस्ते पुण्यात शोधावे लागत नाहीत.

आकडा कसा पडतो त्यावरून दोष कुठला ते कळतं. एकदम शून्य होऊन परत येत असेल तर तार किंवा प्लग. कायम शून्य असेल तर सेन्सर मेलाय, तार तुटलीय किंवा रिंगच समोर नाही. फक्त कमी वेगात आधी मरत असेल तर फट वाढलीय किंवा सिग्नल क्षीण आहे. आणि आकडा सतत थोडासा जास्त येत असेल तर आधी त्या टायरची हवा बघा, टायरचं माप बघा. हवा कमी झाली की टायर थोडा लहान होतो आणि चाक जास्त फेरे मारतं. एका बाजूला वेगळ्या मापाचा टायर घालून आलेल्या गाड्या माझ्याकडे एबीएसची तक्रार घेऊन येतात.

बाजारात मिळणारे ते स्वस्त ब्लूटूथ ओबीडी यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं. काही गाड्यांत योग्य अ‍ॅप असेल तर एबीएसही दिसतं, पण त्यात "दोष नाही" असं आलं म्हणून समाधान मानू नका. त्याने एबीएसकडे विचारलेलंच नसतं.

रानमोगरा

माझी थोडी वेगळी तक्रार आहे, इथेच विचारते. गाडी जुनी, २०१२ ची. दिवा लागत नाही. पण सिग्नलला गाडी थांबत असताना, अगदी शेवटच्या क्षणी, ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं आणि खटखट आवाज येतो. रस्ता कोरडा, ब्रेक हलका दाबलेला. त्यामुळे गाडी अपेक्षेपेक्षा थोडी पुढे जाऊन थांबते. टिळक रोडला एकदा पुढच्या रिक्षाला जवळजवळ टेकली.

भोसरी_गॅरेज

ताई, हे दिव्यापेक्षा गंभीर आहे, लांबणीवर टाकू नका. गरज नसताना एबीएस काम करतंय आणि ब्रेकचा दाब सोडतंय. एक चाक लॉक झालं असा मॉड्यूलचा गैरसमज होतोय.

तुमच्या गाडीत पॅसिव्ह सेन्सर आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवर बसवलेली दातांची रिंग असण्याची शक्यता मोठी. त्या रिंगच्या खाली गंज धरतो, गंज फुगतो आणि रिंगला चीर पडते. चीर पडली की त्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं. वेगात असताना ते खपून जातं, पण थांबताना ठोके आधीच विरळ झालेले असतात, त्यात एक मोठा खंड पडला की मॉड्यूल फसतं. सेन्सरच्या बुडाखाली गंजाचा थर जमून सेन्सर वर उचलला गेला, तरीही हेच लक्षण दिसतं. चाक वर घेऊन, हाताने पूर्ण एक फेरा फिरवत टॉर्चने रिंगचा प्रत्येक दात बघायला सांगा. चीर केसासारखी बारीक असते, त्यामुळे रिंग आधी ब्रशने साफ करायची. दोन्ही पुढची चाकं बघा. आणि बेअरिंगला खेळ नाही ना, तेही चाक वर-खाली धरून हलवून बघा, कारण बेअरिंग ढिलं असेल तर फट कमी-जास्त होत राहते.

तोवर पुढच्या वाहनापासून अंतर ठेवून चालवा.

कोंढवा_बुद्रुक

बेअरिंगचा विषय निघाला म्हणून. माझ्याकडे पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि गॅरेजच्या बाहेर पडल्यावर पन्नास पावलांवर एबीएसचा दिवा. त्यांनी सेन्सर बदलायला सांगितलं. मी नाही म्हटलं, कारण आत जाताना दिवा नव्हता. दुसऱ्या ठिकाणी नेल्यावर कळलं की बेअरिंग उलटं दाबलंय. चुंबकीय पट्टा सेन्सरच्या विरुद्ध बाजूला गेला होता.

वेताळ_टेकडी

हे फार होतं. दोन्ही बाजूंचं सील दिसायला सारखंच असतं. बसवण्याआधी ओळखायचा सोपा उपाय म्हणजे चुंबकीय पट्टे दाखवणारं कार्ड. ते सीलवर ठेवलं की चुंबकाच्या बाजूला उभ्या रेघा उमटतात. ते नसेल तर एखादी हलकी टाचणी जवळ नेऊन बघता येतं. मोठा लोहचुंबक मात्र बेअरिंगच्या जवळ कधीच आणायचा नाही, पट्ट्यावरचे ध्रुव बिघडतात आणि नवं बेअरिंग वाया जातं. गॅरेजमध्ये नटबोल्ट ठेवायची चुंबकी ताटली असते, तीही दूर ठेवा.

उलट बसलेलं बेअरिंग काढून पुन्हा तेच बसवायचं नसतं. दाबून काढताना आतल्या गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटेवर ताण येतो. नवंच घालावं लागतं, आणि तो खर्च ज्याने उलट बसवलं त्याने करायला हवा.

धायरी_फाटा

लाइव्ह डेटा बघून आलो. भोसरी_गॅरेज, तुम्ही म्हणता तसंच: चारही आकडे सारखे, आणि उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग मारलं की पुढचं डावं एकदम शून्य. सरळ केलं की परत. वायरिंगवाल्याने सेन्सरचा प्लग काढून किल्ली चालू करून मोजलं. प्लगमध्ये जवळजवळ १२ व्होल्ट येतात. तो म्हणतो तार ठीक आहे, मॉड्यूलच.

वेताळ_टेकडी

इथेच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लग मोकळा असताना मीटरमधून जवळजवळ काहीच करंट वाहत नाही. करंट नाही तर वाटेतल्या अडथळ्यावर व्होल्टेज पडतही नाही. त्यामुळे तार आतून सडलेली असली, एकच धागा शिल्लक असला, पिनेवर हिरवा चुरा असला, तरी मीटर पूर्ण १२ दाखवणार. सेन्सर जोडल्यावर १४ मिलिअँपिअर वाहायला लागले की खरी गोष्ट कळते. वाटेत शंभर ओहमचा अडथळा असेल तर तिथेच १.४ व्होल्ट खाल्ले जातात, आणि गंज लागलेल्या पिनेचा अडथळा शंभरावर थांबेल असं नाही.

म्हणून प्लग जोडलेला ठेवा. प्लगच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने बारीक पिन आत सरकवून मोजा. तारेचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं. आधी उजव्या बाजूचं मोजून आकडे लिहून घ्या, मग डाव्या बाजूचं. दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. मोजत असताना दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला आणि तार हलवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत परतीच्या तारेवर, बॉडीच्या तुलनेत, चाक अगदी हळू फिरवताना व्होल्टेज निम्मं-दुप्पट होताना दिसतं. तो तुमचा ७ आणि १४ चा खेळ. तो दिसला तर सेन्सर आणि रिंग दोन्ही बहुतेक निर्दोष.

मग बॅटरी काढून, मॉड्यूलचा मोठा प्लग सोडून, त्याच्यापासून चाकाच्या प्लगपर्यंतची प्रत्येक तार ओहमवर मोजा. एका ओहमच्या आत यायला हवी, आणि हलवल्यावर आकडा हलायला नको. मॉड्यूलच्या प्लगमध्ये हिरवट किंवा पांढरट काही दिसतंय का तेही बघा. तारेच्या आत पाणी शिरलं की ते आवरणातून चढत चढत लांबपर्यंत जातं.

हे सगळं स्वच्छ निघालं, तरच मॉड्यूलवर बोट ठेवायचं.

सहकारनगर

किती स्पष्ट लिहिलंय काका, धन्यवाद. एक भर घालते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी मागच्या चाकाची तार कुरतडली होती. आवरण वरून ठीक दिसायचं, खालच्या बाजूला चावलेलं होतं. तार काढून गोल फिरवून बघितल्याशिवाय दिसली नसती.

धायरी_फाटा

सापडलं!

प्लग जोडून मोजल्यावर उजवीकडे साडेअकराच्या आसपास स्थिर. डावीकडे नऊ, आणि तार हलवली की चार, कधी शून्य. प्लग उघडला तर नव्या सेन्सरच्या बाजूचे पिन चकचकीत, पण बॉडीच्या बाजूच्या एका पिनेवर हिरवा थर. त्या तारेवरचं छोटं रबरी सील जागेवरून सरकलेलं होतं, तिथून पाणी गेलं. सेन्सर बदलताना नवी बाजू जुन्या बाजूत खोचली, म्हणून थोडे दिवस बरं चाललं.

वायरिंगवाल्याने आवरण सोललं तर आत तांबं काळं पडलेलं. चमकणारं तांबं लागेपर्यंत मागे कापत गेला. पिन नाना पेठेत मिळाली, प्लगचं घर तेच ठेवलं. आता दिवा गेलाय. पूर्ण स्टिअरिंग, स्पीडब्रेकर, सगळं करून बघितलं, चारही आकडे सोबत चालतात. मॉड्यूलला काहीही झालेलं नाही. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

दोन शंका. जोड दिला तिथे काही काळजी घ्यायची का? आणि एबीएस खरंच चालू आहे हे कसं कळेल?

वेताळ_टेकडी

फार आनंद झाला. जोड चाकाजवळच्या, सतत वाकणाऱ्या भागात नसावा. तिथे डाग दिलेली (सोल्डर केलेली) तार डागाच्या कडेला कडक होते आणि तुटते. बॉडीला धरून असलेल्या भागात क्रिंप करून (पकडीने दाबून जोडून) वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी, नळी हवी, साधी काळी टेप नको. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या होत्या तशाच परत पिळायच्या, त्याने बाहेरचा विद्युत गोंगाट आत येत नाही. आणि तार ज्या क्लिपांत अडकवलेली होती त्या सगळ्या क्लिपांत पुन्हा अडकवली आहे ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन बघा. एक क्लिप सुटली तरी टायर तारेला घासतो.

खात्रीसाठी: पहाटे एखाद्या रिकाम्या, मुरूम पसरलेल्या मैदानावर, मागे-पुढे कुणी नाही हे बघून, सीटबेल्ट लावून, ताशी तीसने जाऊन ब्रेक पूर्ण दाबा. पेडल पायाखाली ठोके देईल, घरघर आवाज येईल, आणि स्टिअरिंग फिरवलं तर गाडी वळेल. पाय उचलू नका. ठोके आल्यावर घाबरून पाय उचलणारे पुष्कळ जण आहेत, म्हणून घरात जे जे ही गाडी चालवतात त्या प्रत्येकाला एकदा हे करून दाखवा.

पौड_रोड

ईबीडीचं मला माहीत नव्हतं. ओळखीच्यांना सांगितलं, फ्यूज परत घातलाय. त्यांच्याकडे मागच्या उजव्या चाकाचा कोड आला. आता लाइव्ह डेटा बघून इथे लिहायला सांगतो.

रानमोगरा

माझंही कळलं. उजव्या पुढच्या चाकाच्या रिंगला खरंच चीर आहे. साफ केल्यावरच दिसली. नुसती रिंग बाजारात मिळते म्हणतात, पूर्ण शाफ्ट बदलायची गरज नाही ना?

भोसरी_गॅरेज

जॉइंट ठीक असेल तर नाही. नवी रिंग घेताना जुनीचे दात मोजून न्या, दिसायला सारख्या रिंगमध्ये दातांची संख्या वेगळी निघते, आणि एक दात कमी-जास्त असला तरी ते चाक कायम चुकीचा वेग सांगणार. बैठकीवरचा गंज एमरी पेपरने पूर्ण काढायला सांगा, नाहीतर नवी रिंगही तशीच तडकेल. रिंग थोडी गरम केली की प्रसरण पावते आणि हाताने सरकते. हातोडीने दातांवर ठोकू द्यायचं नाही. बसल्यावर चाक फिरवून रिंग सरळ फिरतेय ना, डोलत नाही ना, ते बघा. आणि सेन्सरच्या टोकावर लोखंडाचा भुगा चिकटलेला असेल, आत लोहचुंबक असतो त्यामुळे तो जमतोच, तो फडक्याने पुसून मगच सेन्सर परत लावा.

डावी रिंगही त्याच वयाची आहे ताई. चाक उघडलेलं असतानाच तिच्याखाली किती गंज आलाय ते बघून घ्या.